जेक्वेरी ३.५: कोरमध्ये काय घ्यायचं, काय काढायचं

एप्रिल २०२० मध्ये जेक्वेरीची, म्हणजे वेब पानांसाठीच्या तयार जावास्क्रिप्ट कोडच्या लायब्ररीची, ३.५ ही आवृत्ती आली. ती बहुतेकांना सुरक्षेच्या दुरुस्तीमुळे माहीत आहे. आजही एखाद्या साइटचं सिक्युरिटी ऑडिट झालं की रिपोर्टमध्ये '३.५ पेक्षा जुनी जेक्वेरी' असा शेरा येतो, मग धावपळ करून फाइल बदलली जाते आणि विषय तिथेच संपतो. पण लायब्ररी सांभाळणाऱ्यांनी, किंवा ऑफिसातल्या पाच-सात प्रोजेक्टसाठी एक सामाईक फाइल लिहिणाऱ्यांनीसुद्धा, ही आवृत्ती नीट वाचावी असं मला मनापासून वाटतं. कारण त्या एकाच आवृत्तीत सोयीच्या मेथडबद्दल, म्हणजे नावाने बोलावता येणाऱ्या तयार फंक्शनबद्दल, तीन वेगवेगळे निर्णय झाले. यादीतले एक सोडून एक एलिमेंट देणाऱ्या इव्हन() आणि ऑड() या दोन नव्या मेथड कोरमध्ये, म्हणजे लायब्ररीच्या मूळ भागात, आल्या. स्ट्रिंगच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटणारी ट्रिम() 'डेप्रिकेटेड' झाली, म्हणजे चालेल पण यापुढे वापरू नका. आणि एचटीएमएल वाचताना जेक्वेरी तेरा वर्षांच्या आसपास गुपचूप करत असलेली एक मदत पूर्ण बंद झाली.

वरवर पाहिलं तर यात मेळ दिसत नाही. सगळ्या जगाला लागणारी ट्रिम जाते आणि क्वचित लागणाऱ्या इव्हन-ऑड येतात. २०२० मध्ये लायब्ररीचं वजन कमी करायचा प्रयत्न जोरात असताना नव्या मेथड घ्यायच्याच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते त्याचं उत्तर मेथड किती लोकप्रिय आहे किंवा किती ओळींची आहे यात सापडत नाही. कोरने आधी काय कबूल करून ठेवलं आहे आणि ते पाळायचा बोजा आता कुणावर आहे, यात ते सापडतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. जॉन रेसिगने २००६ मध्ये जेक्वेरी आणली तेव्हापासूनच तिच्यात मेथड जोडणं अगदी सोपं होतं. जेक्वेरीच्या सामाईक प्रोटोटाइपवर एक फंक्शन अडकवलं की झालं प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडलेली भर. त्यामुळे 'हे जेक्वेरीत करता येईल का' असा प्रश्न कधी नव्हताच. कोरमध्ये जाणं म्हणजे त्या मेथडचं डॉक्युमेंटेशन, तिच्या टेस्ट, प्रत्येक ब्राउझरमधलं तिचं वागणं आणि ती कधी काढायचीच झाली तर लाखो पानांवरचा परिणाम, हे सगळं मोजक्या माणसांनी अंगावर घेणं. २०१२ च्या १.८ पासून जेक्वेरीचे काही भाग वगळून स्वतःचा बिल्ड, म्हणजे स्वतःपुरती फाइल, करता येऊ लागला आणि २०१६ च्या ३.० सोबत अजॅक्स व इफेक्ट नसलेला 'स्लिम' बिल्डही आला. तेव्हा पूर्ण फाइल जीझिपने दाबून साधारण ३० केबी, स्लिम २३.६ केबी. म्हणजे मोठमोठे विभाग काढूनही सहा-साडेसहा केबीच वाचले. एकेका छोट्या मेथडने काही बाइट इकडेतिकडे होतील, त्यावर एवढा खल कोणी करणार नाही. खल होतो तो अर्थावरून.

आता इव्हन आणि ऑडची गोष्ट, कारण या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे.

जेक्वेरीच्या सिलेक्टरमध्ये, म्हणजे पानावरचे एलिमेंट निवडायच्या खुणांमध्ये, पूर्वीपासून आठ 'स्थानदर्शक' सिलेक्टर होते: फर्स्ट, लास्ट, ईक्यू, एन्थ, एलटी, जीटी, इव्हन आणि ऑड. कोलन लावून सिलेक्टरच्या आतच लिहायचे. 'टीआर कोलन इव्हन' लिहिलं की एक सोडून एक ओळ हातात यायची. ते सीएसएसच्या स्पेसिफिकेशनमध्ये कधीच नव्हते, जेक्वेरीने आपल्या मनाने घातले होते. सिलेक्टरवरून एलिमेंट शोधणारं ब्राउझरचं स्वतःचं क्वेरीसिलेक्टरऑल आल्यावर त्यांची अडचण उघड झाली. असा सिलेक्टर दिला की ब्राउझर एरर देतो, आणि जेक्वेरीला तो अख्खा सिलेक्टर आपल्या इंजिनातून, म्हणजे तेव्हाच्या सिझलमधून, चालवावा लागतो. शेवटच्या एका शब्दासाठी सगळी निवड हळू होते.

वेगापेक्षाही मोठी अडचण निराळी आहे. 'या एलिमेंटला अमुक क्लास आहे का', 'हा अमक्याच्या आत आहे का' या प्रश्नांचं उत्तर त्या एलिमेंटकडे आणि त्याच्या आजूबाजूला पाहून देता येतं. 'हा समस्थानी आहे का' याचं उत्तर तसं देता येत नाही. त्याच्याआधी किती एलिमेंट जुळले हे ठाऊक असावं लागतं. म्हणजे हा गुण एलिमेंटचा नाहीच, जमलेल्या यादीचा आहे. सिलेक्टर इंजिनाला अशा आठ शब्दांसाठी आत एक वेगळी वाट सांभाळत बसावं लागतं.

म्हणून एप्रिल २०१९ च्या ३.४ मध्ये हे आठही सिलेक्टर डेप्रिकेट झाले. ज्यांचा कोड त्यावर उभा आहे त्यांना सांगायचं होतं की आधी साधा सिलेक्टर चालवा, यादी हातात घ्या आणि मग तिच्यातून निवडा. सल्ला बरोबर होता, पण तो पाळायला हाताशी काय होतं ते पाहू. फर्स्ट आणि लास्टसाठी १.४ पासून त्याच नावाच्या मेथड होत्या. ईक्यूसाठी ईक्यू() होती, एन्थ हे ईक्यूचंच दुसरं नाव. एलटी आणि जीटीसाठी स्लाइस(). पहिले तीन हवेत तर शून्य ते तीन असं स्लाइस करा, क्रमांक तीननंतरचे हवेत तर चारपासून पुढचं. सहा शब्दांची सोय झाली. उरले दोन. इव्हन आणि ऑडला थेट पर्याय नव्हता. फिल्टर() ला कॉलबॅक, म्हणजे प्रत्येक एलिमेंटसाठी चालणारं फंक्शन, द्यायचा आणि त्यात इंडेक्सला दोनने भागून बाकी तपासायची, एवढाच मार्ग.

त्यावर कुणीही म्हणेल, मग अडलंय कुठे? एका ओळीचं काम आहे, ज्याचं त्याने लिहावं. आक्षेपाला आणखीही बळ होतं. इव्हनचा सर्वांत जास्त वापर कशासाठी व्हायचा, तर टेबलच्या ओळींना आलटूनपालटून रंग द्यायला. ते काम आता सीएसएसचं एन्थ-चाइल्ड करतं. ज्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला ते येत नव्हतं, त्याचा आधार जेक्वेरी २.० ने २०१३ मध्येच काढला होता. मग मागणीच आटलेली मेथड २०२० मध्ये कशाला?

मला हा आक्षेप अपुरा वाटतो, आणि त्याचं कारण मोजणीत आहे. जेक्वेरीचं इव्हन शून्यापासून मोजतं. म्हणजे ते पहिली, तिसरी, पाचवी ओळ देतं. सीएसएसचं एन्थ-चाइल्ड एकापासून मोजतं, त्याचं इव्हन दुसरी, चौथी, सहावी ओळ देतं. एकाच्या जागी दुसरं टाकलं की सगळे रंग उलटे. आणि इव्हन लिहायच्या जागी ऑड लिहूनही फरक मिटत नाही, कारण एन्थ-चाइल्ड प्रत्येक पालकाच्या आत नव्याने मोजतं, तर जेक्वेरी जुळलेली संपूर्ण यादी सलग मोजते. पानावर चार याद्या असतील आणि पहिलीत तीनच नोंदी असतील तर दुसऱ्या यादीपासून पट्टे वेगळे पडतात. शोधपेटीत काही टाइप केल्यावर न जुळणाऱ्या ओळी लपवणारं टेबल घ्या. एन्थ-चाइल्ड लपलेल्या ओळीही मोजतं, त्यामुळे दिसणाऱ्या दोन शेजारच्या ओळींचा रंग एकच होतो. दिसणाऱ्या ओळी फिल्टर करून मग इव्हन लावलं की पट्टे नीट येतात. (सीएसएसमध्ये ठरावीक सिलेक्टरपुरतं मोजणारं एन्थ-चाइल्ड आता आहे, पण क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते २०२३ मध्ये आलं. निर्णय झाला तेव्हा त्यावर विसंबता येत नव्हतं.)

अशा ठिकाणी 'ज्याचं त्याने लिहावं' म्हटलं की काय होतं ते प्रत्येक टीमने पाहिलेलं असतं. कोणी बाकी शून्य तपासतो, कोणी बाकी एक. कोणी इव्हन नावाचं प्लगइन लिहितो आणि त्यात एकापासून मोजतो. दोन वर्षांनी दोन फायलींत एकाच नावाच्या दोन अर्थांच्या मेथड असतात. जेक्वेरीने इव्हन या शब्दाचा एक अर्थ लोकांना वर्षानुवर्षं शिकवला होता. सिलेक्टर काढून घेताना तो अर्थ लोकांच्या हाती अखंड देणं तिचंच काम होतं. त्या दोन मेथड मिळून कोरमध्ये दहा-बारा ओळींच्या आहेत. एवढ्या किमतीत इंजिनातली एक वेगळी वाट कधीतरी बुजवता येण्याची शक्यता तयार होते. माझ्या हिशेबी हा कोरसाठी स्वस्तातला सौदा आहे.

आता कोणी 'दर तिसरा' देणारी मेथड मागितली तर? उपयोग तिचाही आहे. तीन कॉलमची मांडणी करणाऱ्याला ती हवीच असते. तरी उत्तर 'नाही' असावं, आणि या प्रकरणाच्या तर्काने ते सरळ मिळतं: दर तिसऱ्यासाठी जेक्वेरीने पूर्वी कधी सिलेक्टर दिलेला नव्हता, त्यामुळे फेडायचं काही नाही. फिल्टर() आहे, तो पुरेसा आहे. एलटी() आणि जीटी() अशा मेथडही ३.५ मध्ये आल्या नाहीत. स्लाइस() ते काम अर्थ न बदलता करते.

इव्हन आणि ऑडचा आणखी एक गुण मला महत्त्वाचा वाटतो. त्या एकही आर्ग्युमेंट घेत नाहीत. त्यामुळे पुढे त्यांच्यात दुसरा अर्थ शिरायला जागाच नाही. जेक्वेरीने ही शिक्षा आधी भोगलेली आहे. टॉगल() दोन फंक्शन दिली तर क्लिकगणिक ती आळीपाळीने चालवायची, आणि तीच टॉगल() काही न देता बोलावली की एलिमेंट लपवायची किंवा दाखवायची. लोड() ला यूआरएल दिलं तर सर्व्हरवरून मजकूर आणायची, फंक्शन दिलं तर लोड इव्हेंटला ते बांधायची. टॉगलचा पहिला अर्थ १.९ मध्ये काढावा लागला, लोडचा दुसरा ३.० मध्ये. नाव तेच ठेवून त्याचा एकच अर्थ काढणं हे सगळ्यांत त्रासाचं, कारण कोड शोधताना नावावरून काही कळत नाही.

ट्रिमचं प्रकरण छोटं आहे, पण त्यातही एक मेख आहे. जेक्वेरीने ट्रिम दिली कारण जावास्क्रिप्टमध्ये ती नव्हती. ईएस५ मध्ये, म्हणजे २००९ च्या स्पेसिफिकेशनमध्ये, स्ट्रिंगला स्वतःची ट्रिम मिळाली. ती नसलेले ब्राउझर जेक्वेरीने सोडून दिल्यावर कोरच्या ट्रिमचं काम संपलं. इझअ‍ॅरे, पार्सजेसन, नाऊ यांचंही तेच झालं. भाषेने किंवा ब्राउझरने काम अंगावर घेतलं की लायब्ररीने ते सोडावं, यावर वाद नसावा. ४.० च्या फेब्रुवारी २०२४ मधल्या बीटामध्ये ही सगळी मंडळी बाहेर पडली.

मेख अशी की दोन्ही ट्रिम सारख्या नाहीत. जेक्वेरीच्या ट्रिमला नल किंवा अनडिफाइन्ड (म्हणजे काहीच नाही) दिलं तर ती रिकामी स्ट्रिंग द्यायची, आकडा दिला तर त्याची स्ट्रिंग करायची. स्ट्रिंगची स्वतःची ट्रिम नलवर बोलावली की एरर येते आणि पुढचा कोड थांबतो. फॉर्ममध्ये नसलेले रकाने, एपीआयमधून न आलेली फील्ड, हे सगळं जुन्या ट्रिमने निमूट झेललेलं असतं. म्हणून 'शोधा आणि बदला' करून ट्रिम हटवणं धोक्याचं आहे. मला यातून लायब्ररीच्या लेखकासाठी एक गोष्ट दिसते: सोयीच्या मेथडचं नाव एक काम सांगतं, पण लोक विसंबतात ते न सांगितलेल्या कामावर. काढताना पर्याय सांगायचा तो या दुसऱ्या कामाचा. डॉक्युमेंटेशनमध्ये 'त्याऐवजी हे वापरा' एवढं लिहून भागत नाही, कुठे फरक पडेल ते पहिल्या ओळीत लिहायला हवं.

तिसरा निर्णय सुरक्षेचा. त्याकडे सहसा 'बग होता, दुरुस्त केला' असं पाहिलं जातं. मुळात तीही एक सोयच होती.

एक्सएचटीएमएलच्या दिवसांत लोक डिव्हचा टॅग आतच तिरकी रेघ देऊन बंद करायचे. एचटीएमएलमध्ये डिव्ह असा बंद होत नाही. ब्राउझर तो उघडाच समजतो आणि पुढचं सगळं त्याच्या आत ढकलतो. लोकांचा गोंधळ टाळावा म्हणून जेक्वेरी एचटीएमएल ब्राउझरकडे देण्याआधी एका रेग्युलर एक्स्प्रेशनने असे टॅग शोधून त्यांची उघडणारी आणि बंद करणारी जोडी करून टाकायची. हेतू चांगला होता, आणि बहुतेकांना असं काही घडतं याचा पत्ताही नव्हता.

घोटाळा असा झाला. समजा, सर्व्हरने बाहेरून आलेला मजकूर सॅनिटायझरमधून, म्हणजे घातक भाग काढणाऱ्या चाळणीतून, गाळून घेतला. सॅनिटायझर ब्राउझरच्या नियमाने वाचतो. त्या नियमानुसार स्टाइल टॅगच्या आतलं सगळं नुसता मजकूर असतं, तिथे इमेजचा टॅग आणि त्याला लावलेला ऑनएरर, म्हणजे इमेज न आल्यास चालणारा कोड, दिसला तरी तो चालणार नाही. म्हणून तो तसाच पुढे जाऊ शकतो. आता त्या मजकुरात इमेजच्या आधी तिरक्या रेघेने बंद केलेला आणखी एक स्टाइल टॅग असेल, तर जेक्वेरी त्याची जोडी करते, त्यातला बंद करणारा अर्धा बाहेरच्या स्टाइलला बंद करतो, आणि इमेज मोकळी होऊन ऑनएररसकट चालते. गाळलेला मजकूर कोरच्या मदतीने पुन्हा घातक झाला. सुरक्षेच्या त्रुटींच्या जाहीर यादीतल्या सीव्हीई-२०२०-११०२२ या नोंदीनुसार १.२ पासून ३.५ च्या आधीपर्यंतच्या सगळ्या आवृत्त्यांना हा धोका होता. १.२ ही २००७ ची.

३.५ ने ती मदत पूर्ण काढली. आलेली स्ट्रिंग आता तशीच पुढे जाते. यामुळे काही जुना कोड मोडला: तिरक्या रेघेने बंद केलेले डिव्ह आणि स्पॅन लागोपाठ दिले तर पूर्वी दोन शेजारी एलिमेंट मिळायचे, आता स्पॅन डिव्हच्या आत जातो. एकट्या डिव्हचं मात्र काही बिघडलं नाही, कारण एकच टॅग असेल तर जेक्वेरी तो क्रिएटएलिमेंटने बनवते. ज्यांना जुनं वागणं तात्पुरतं हवंच आहे त्यांच्यासाठी जुना कोड नव्या आवृत्तीवर न्यायला मदत करणाऱ्या मायग्रेट प्लगइनमध्ये एक फंक्शन दिलं, आणि त्याच्या नावाची सुरुवातच कॅपिटल अक्षरांत 'अनसेफ' अशी केली. हे नाव देणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. कोड वाचणाऱ्या प्रत्येकाला धोका तिथल्या तिथे दिसतो.

इव्हन() आणि ही मदत शेजारी ठेवून पाहिल्या की फरक लख्ख दिसतो. इव्हन() कोणी बोलावली तरच चालते. टॅगांची जोडी करणारी मदत कोणी न मागता, एचटीएमएलच्या प्रत्येक तुकड्यावर चालायची आणि ब्राउझरच्या नियमापेक्षा वेगळा नियम लावायची. कोरमध्ये सोय आणताना मी सर्वांत जास्त कडक या जागी राहीन. हाक मारल्यावर येणारी मेथड चुकली तर तिची चूक ती बोलावणाऱ्यांपुरती राहते. इनपुटला परस्पर हात लावणारी सोय चुकली तर चूक प्रत्येकाच्या पानावर असते, आणि कोणाला ती दिसतही नाही.

क्लिक() बद्दल बोलल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही, कारण 'कोरमधल्या सोयी' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तीच येते. क्लिक, चेंज, सबमिट, कीअप, माउसएंटर अशी एकूण २२ नावं जेक्वेरी ३ मध्ये एका यादीतून तयार होतात. प्रत्येकाचं पोट एकच: आर्ग्युमेंट असेल तर इव्हेंटला फंक्शन बांधणारी ऑन() बोलवा, नसेल तर तो इव्हेंट घडवणारी ट्रिगर(). जानेवारी २०१८ च्या ३.३ मध्ये ती सगळी डेप्रिकेट झाली.

निर्णय बरोबर होता, आणि ही यादीच त्याचं कारण सांगते. तिच्यात इनपुट नाही, टचस्टार्ट नाही, पॉइंटरडाऊन नाही. इव्हेंट कोणते असावेत हे ब्राउझर ठरवतात, जेक्वेरी नाही. दुसऱ्याच्या हातातल्या यादीवर सोय उभारली की ती कायम अपुरी राहते, आणि प्रत्येक नव्या इव्हेंटसोबत 'याचीही मेथड द्या' ही मागणी येत राहते. ऑन() ला कोणतंही नाव चालतं, उद्या येणारंसुद्धा. म्हणून २०११ च्या १.७ पासून कोरची जागा ऑन() ची आहे. तिने बाइंड(), डेलिगेट() आणि लाइव्ह() या तिघींची कामं एकत्र केली. त्यांतली लाइव्ह() तर खर्च लपवणारी मेथड होती. पानभर सिलेक्टर चालवून जमलेले एलिमेंट टाकून द्यायची, हँडलर डॉक्युमेंटवर लावायची, आणि इव्हेंट तिथे पोहोचेपर्यंत वर चढून आलेला असल्यामुळे स्टॉपप्रोपगेशनला अर्थ उरायचा नाही. ती १.९ मध्ये काढली.

क्लिक() मात्र अजून काढलेली नाही, आणि काढू नये असं माझं मत आहे. तिचा दोष अपुरेपणाचा आहे, घातकपणाचा नाही. ती खर्च लपवत नाही, इनपुट बदलत नाही, आणि तिच्या मागचा कोड एक यादी व एक फंक्शन एवढाच आहे. तिच्यावर उभी असलेली पानं मात्र अशा लोकांची आहेत ज्यांनी जेक्वेरीच्या पहिल्या धड्यातून ती उचलली आणि ज्यांच्याकडे पुन्हा कोड लिहायला माणूस नाही. ज्यांना वजन वाचवायचंय त्यांना डेप्रिकेटेड भाग वगळून बिल्ड करता येतो. नव्या कोडमध्ये ऑन() लिहावं, रिव्ह्यूमध्ये क्लिक() दिसली तर तसं सुचवावं, आणि जुन्या पानांवर ती चालत असेल तर चालू द्यावी.